पोलादाचा आलाप

आपल्याकडे एकाच प्रश्नाचे नशीब दोन ठिकाणी फार वेगवेगळे आहे. मैफलीत गवई षड्ज लावून बसतो, अर्धा तास नुसता आलाप करतो. त्यात शब्द नाही, गोष्ट नाही, कुणाचे चित्र नाही. तरी शेजारच्या माणसाच्या कानाशी लागून "हे कशाचं आहे हो?" असे कोणी विचारत नाही. विचारलेच, तर पुढच्या मैफलीच्या आमंत्रणातून त्याचे नाव गळलेच म्हणून समजावे! पण तेच रसिक गृहस्थ एखाद्या प्रदर्शनात जातात, पोलादाच्या वळलेल्या, पिळलेल्या, कुठे टोकदार तर कुठे गोल झालेल्या आकारापुढे उभे राहतात, आणि त्यांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो हाच, "हे कशाचं आहे?" उत्तर मिळाले नाही की दुसरा प्रश्न ठरलेला. "मग यात आहे काय?"

कानाला आपण जी मोकळीक देतो ती डोळ्याला का देत नाही? मी मराठीची प्राध्यापिका असल्यामुळे थोडा दोष शब्दांवर टाकून पाहते. 'मूर्त' म्हणजे आकाराला आलेले, त्यावरून मूर्ती. आणि मूर्ती म्हटली की ती गणपतीची तरी हवी, नाही तर विठ्ठलाची. पुतळा म्हटला की घोडा आणि तलवार, निदान कोटाची बटणे आणि हातात पुस्तक. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला 'अमूर्त शिल्प' म्हणजे आकार नसलेला आकार वाटला, तर त्याचे फारसे चुकले असे म्हणता येत नाही. वर्गात हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावर खसखस पिकते. मी मुलांना म्हणते, "हसा खुशाल. पण यमन कशाचा पुतळा आहे, तेवढं मला सांगा."

वर्षभर या सदरातून मी आपल्याशी शब्दांविषयी आणि पुस्तकांविषयी बोलत असते. दिवाळीच्या निमित्ताने आज जरा लांबचा पाहुणा आणला आहे. निमित्त झाले आमच्या शिकागोच्या भाच्याचे. त्याने तिथल्या मिडवे विमानतळापाशी उभ्या असलेल्या एका पोलादी शिल्पाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "मावशी, तू मराठीत सगळ्याचे अर्थ सांगतेस ना, मग याचा सांग!" फोटो घरात फिरला. आमचे हे म्हणाले, "अपघात झालेले विमान दिसते. विमानतळापाशी हे उभे करणे काही शहाणपणाचे नाही." सासूबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले आणि त्या म्हणाल्या, "बसता बसता उडालंय काहीतरी." त्या शिल्पाचे नाव आहे 'फ्लाइट फॉर्म्स', म्हणजे उड्डाणाचे आकार. ते 2001 सालचे. कलेवरचे एकही पुस्तक न वाचता सासूबाई शिल्पकाराच्या सर्वांत जवळ पोचल्या होत्या, कारण ते 'काय आहे' यापेक्षा ते 'काय करते आहे' हे त्यांनी पाहिले.

त्या शिल्पकाराचे नाव रिचर्ड हंट. त्याचा जन्म शिकागोच्या दक्षिण भागात 12 सप्टेंबर 1935 रोजी झाला. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतले जाच आणि दारिद्र्य सोडून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात उत्तरेच्या शहरांत आली, त्यांतले बरेच लोक शिकागोत स्थिरावले. हंटचे वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत, आई ग्रंथपाल. मुलाच्या पुढच्या आयुष्याची पुष्कळशी पेरणी या माउलीने केली. शिकागोत कृष्णवर्णीय गायक-गायिकांच्या स्वतःच्या ऑपेरा मंडळ्या होत्या. मोझार्ट, व्हर्दी, हँडेल यांच्या रचना ते गात. आई मुलाला बोटाला धरून त्या ऐकायला नेई. आपल्याकडे बालगंधर्वांचे नाटक लागले की माणसे मुलाबाळांसकट जाऊन बसत, त्यातलाच हा प्रकार. मुलाला ती परकी भाषा कितपत कळली असेल ते सोडा. पण शब्दांवाचूनही आवाज उंच चढतो, थरथरतो, कोसळतो आणि पुन्हा उठतो, एवढे त्याच्या कानांनी लहानपणीच टिपले असणार.

दुसरी शाळा संग्रहालयांची. शिकागोच्या संग्रहालयांत आफ्रिकेतून आणलेले मुखवटे आणि मूर्ती होत्या, तिथे तो लहानपणापासून जाई. पुढे स्वतःच्या कमाईतून त्याने आफ्रिकन कलावस्तूंचा मोठा संग्रह केला. तेराव्या वर्षी तो शिकागोच्या प्रसिद्ध आर्ट इन्स्टिट्यूटच्या बालवर्गात शिकू लागला. 1953 मध्ये त्याच संस्थेत विसाव्या शतकातील शिल्पकलेचे मोठे प्रदर्शन भरले, आणि तिथे या सतरा वर्षांच्या मुलाने हुलिओ गोन्झालेझ या स्पॅनिश कलावंताची लोखंडी शिल्पे पाहिली. गोन्झालेझ बार्सिलोनाच्या धातुकारागीर घराण्यातला. 1918 मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉ मोटार कारखान्यात काम करताना त्याने वेल्डिंगची कला उचलली आणि पुढे ती शिल्पात आणली. दगड फोडून आतली मूर्ती काढायची किंवा मातीची मूर्ती घडवून ती धातूत ओतायची, हे शिल्पकलेचे जुने मार्ग. लोखंडाच्या पट्ट्या आणि सळ्या ज्योतीने सांधून हवेत जणू रेघ ओढायची, हा मार्ग नवा होता. हंटने तो पाहिला आणि वेल्डिंग स्वतःचे स्वतः शिकून घेतले.

इथे एक मोठी मौजेची गोष्ट आहे. गोन्झालेझचा मित्र आणि सहकारी होता पिकासो. 1907 मध्ये पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात आफ्रिकेचे मुखवटे पाहून पिकासोची दृष्टी पालटली, ही कथा प्रसिद्धच आहे. त्याच संग्रहालयात पश्चिम आफ्रिकेतल्या दाहोमी राज्याची एक लोखंडी मूर्ती होती. ती 'गू'ची, म्हणजे लोखंडाच्या आणि युद्धाच्या देवाची. अकाती एक्प्लेकेंडो या कारागिराने 1858 च्या सुमारास, माणसाएवढ्या उंचीची ती मूर्ती बनवली होती, आणि तीही लोखंडाचे तुकडे जोडून! फ्रेंचांनी दाहोमी जिंकले आणि मूर्ती पॅरिसला गेली. म्हणजे पाहा, जी आधुनिक लोखंडी शिल्पकला शिकागोच्या या कृष्णवर्णीय मुलाने युरोपची म्हणून पाहिली, तिच्या मुळाशी त्याच्याच पूर्वजांच्या खंडाचे पाणी मुरलेले होते. घरातून गेलेली वस्तू जगाचा फेरा करून, नव्या कपड्यांत, पुन्हा दाराशी आली होती.

लोखंडाचा देव म्हटल्यावर आपल्याला नवल वाटायचे कारण नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. कारखान्यातल्या लेथला झेंडूचा हार आणि टॅक्सीला हळदकुंकू लागते. दाहोमीचा गू नायजेरियातल्या योरुबा लोकांत 'ओगुन' होतो. तो लोहारांचा देव, शिकाऱ्यांचा देव, आणि काळ बदलला तसा मोटारी हाकणाऱ्यांचाही देव झाला. गुलामांच्या जहाजांतून तो अटलांटिक ओलांडून ब्राझील आणि क्यूबालाही पोचला. देवाला पारपत्र लागत नाही.

हंटचे सुरुवातीचे सामान म्हणजे भंगार. मोडक्या मोटारींचे बंपर, नळ्या, पत्रे असे जे भंगारवाल्याच्या आवारात मिळे ते. पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारणाऱ्याला हे दृश्य सहज डोळ्यांपुढे आणता येईल. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत इतकी प्रखर की तिच्यापुढे पोलाद मेणासारखे वितळते. दोन कडा वितळवायच्या, एकमेकींत मुरू द्यायच्या आणि थंड करायच्या. दगडावर चुकीचा घाव बसला तर तो परत घेता येत नाही. इथे मात्र तुकडा लावावा, चार पावले मागे जाऊन पाहावे, नाही पटला तर कापावा आणि फिरवून दुसरीकडे लावावा. गाणे जाणणाऱ्यांना हे लगेच कळेल. ही उपज आहे. गवई रागाची बढत करतो तेव्हा पुढची प्रत्येक जागा त्याने घरून लिहून आणलेली नसते. आत्ताच घेतलेली जागा पुढची सुचवते. जॅझ वाजवणारे हेच करतात. वेल्डिंगच्या शिल्पात ही मोकळीक धातूला मिळाली.

विद्यार्थिदशेत हंट शिकागो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करून थोडे पैसे मिळवी. त्यामुळे असेल, त्याच्या पोलादात हाडे, पंख, कीटकांचे पाय, फुटणारे अंकुर यांचा भास सतत होतो. ग्रीक पुराणातल्या ॲरॅक्नी नावाच्या विणकर मुलीला शापाने कोळी व्हावे लागले. तिच्यावर त्याने 1956 मध्ये शिल्प केले. अर्धी बाई, अर्धा कोळी. एक रूप सुटलेले आणि दुसरे अजून पुरते न आलेले. आपल्याला नृसिंहाचा खांब आठवावा असा हा क्षण. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने ते विकत घेतले. शिल्पकार तेव्हा पदवी घेऊन नुकताच बाहेर पडत होता.

हे सारे यशस्वी माणसाच्या चरित्रासारखे वाटते. पण या गोष्टीच्या मध्यभागी एक शवपेटी आहे, आणि तिच्याजवळून गेल्यावाचून हंटचे शिल्प समजायचे नाही.

1955 च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा एमेट टिल नावाचा चौदा वर्षांचा मुलगा सुटीसाठी मिसिसिपी राज्यात नातेवाइकांकडे गेला. तिथल्या एका दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणाने वागला असा बोभाटा झाला. 28 ऑगस्टच्या रात्री दोन गोऱ्या माणसांनी त्याला घरातून उचलून नेले, हालहाल करून मारले आणि प्रेत नदीत फेकले. प्रेत शिकागोला आले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचे काय केले ते साऱ्यांना पाहू द्या, असा त्यांचा आग्रह होता. हजारो माणसे रांग लावून त्या पेटीजवळून गेली. त्या रांगेत एकोणीस वर्षांचा रिचर्ड हंट होता. टिलचे मूळ घर त्याच्याच जन्मवस्तीतले. मरण पावलेला मुलगा तो स्वतः असू शकला असता. पुढे खटला झाला. बारा गोऱ्या ज्युरींनी तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. आणि काही महिन्यांनी त्याच आरोपींनी एका मासिकाकडून पैसे घेऊन खून केल्याचे कबूल केले, कारण कायद्याने आता त्यांना पुन्हा हात लावता येत नव्हता.

मराठी वाचकाला हे दुःख अगदीच दूरचे नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना. पुण्यात बसून एका माणसाने ओळखले होते की साखळी निराळी असली तरी लोखंड तेच आहे. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने 1865 मध्ये संपली होती. टिलला मारले ते त्यानंतर नव्वद वर्षांनी.

हंटने 1956 मध्ये एक लहानसे शिल्प केले. त्याचे नाव 'हीरोज हेड', म्हणजे वीराचे शिर. पोलादाचे तुकडे सांधून केलेले, फाटलेले, चिरलेले डोके. वेल्डिंगचे सांधे जखमेच्या टाक्यांसारखे उघडे ठेवलेले. जे त्या पेटीत दिसले, ते त्याने ज्योतीने धातूत उतरवले. वीर कशासाठी म्हणायचे? त्या मुलाने काही पराक्रम केला नव्हता. पण त्याच्या चेहऱ्याने एक देश हलला. 1955 च्याच डिसेंबरात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायचे नाकारले आणि मोठी चळवळ उभी राहिली.

आता खरा प्रश्न. ज्याने असा चेहरा पाहिला आणि घडवला, तो पुढे चेहऱ्यांचा शिल्पकार का झाला नाही? 1956 नंतर हंटने जवळजवळ सात दशके काम केले, सार्वजनिक जागी 160 हून अधिक शिल्पे उभी केली, आणि जगाने त्याला ओळखले ते उंच झेपावणाऱ्या, फांद्या फुटणाऱ्या, पंख पसरणाऱ्या अमूर्त आकारांसाठी. त्या काळच्या कृष्णवर्णीय कलावंतांवर आणखी एक दडपण होते. आपल्या समाजाचा लढा चालू आहे, मग कलावंताने समाजाची माणसे, समाजाचे क्लेश स्पष्ट दाखवू नयेत काय? अमूर्त कला म्हणजे गोऱ्यांच्या दिवाणखान्यातली चैन, असे म्हणणारेही होते. हा आरोप हलका नाही. आपल्या साहित्यातही तो निरनिराळ्या नावांनी येत असतोच.

मला वाटते, याचे उत्तर हंटच्या पूर्वजांच्या गाण्यात आहे.

मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांकडे काय होते? भाषा हिरावली होती, देव हिरावले होते, नावेसुद्धा मालकाने ठेवलेली. साउथ कॅरोलायनात 1739 मध्ये गुलामांनी उठाव केला, तेव्हा त्यांनी ढोल वाजवून माणसे गोळा केली. म्हणून पुढच्या वर्षी कायदा करून ढोलांवर बंदी घातली गेली. ढोल काढून घेता आला. ताल काढून घेता आला नाही. तो टाळ्यांत गेला, पावलांत गेला, मांडीवरच्या थापांत गेला. आफ्रिकेतली रीत अशी की एकाने ओळ म्हणायची आणि समूहाने ती उचलायची. आपल्या भजनात बुवा म्हणतो आणि टाळकरी झेलतात तशी. त्या रीतीत बायबलातल्या गोष्टी ओतल्या गेल्या आणि 'स्पिरिच्युअल' नावाची गाणी झाली. 1871 पासून फिस्क विद्यापीठाच्या गायकवृंदाने ती दूरवर पोचवली. या गाण्यांत चाबकाचे वर्णन क्वचितच असते. असते ती नदी, जिच्यापलीकडे जायचे आहे. रथ, जो न्यायला येणार आहे. शिडी, जिची एकेक पायरी चढायची आहे. ज्यांनी सर्वांत अधिक सोसले, त्यांनी सोसण्याचे चित्र काढले नाही. त्यातून बाहेर जाण्याची वाट गायली. आणि ऐकणाऱ्याला त्या वाटेच्या लांबीवरून दुःखाची खोली कळते.

हंटचे पोलाद हेच करते. शिकागोत कार्टर वुडसन या इतिहासकाराच्या नावाचे एक सार्वजनिक ग्रंथालय आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास आठवडाभर साजरा करण्याची प्रथा 1926 मध्ये याच वुडसननी सुरू केली. तिथे 1977 मध्ये हंटने 'जेकब्ज लॅडर' नावाचे शिल्प केले. याकोबाने स्वप्नात पाहिलेली, स्वर्गाला पोचलेली शिडी, जी स्पिरिच्युअलमध्येही आहे. ग्रंथपाल आईच्या मुलाने ग्रंथालयात शिडी टांगावी, याहून नेमके काय असेल? त्याच वर्षी मेम्फिस शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांचे स्मारक म्हणून त्याने 'आय हॅव बीन टु द माउंटन' हे शिल्प उभे केले. किंग यांची हत्या त्याच शहरात 4 एप्रिल 1968 रोजी झाली. आदल्या रात्रीच्या भाषणात त्यांनी डोंगरमाथ्यावर जाऊन पलीकडची भूमी पाहिल्याचे म्हटले होते. हंटने किंग यांचा चेहरा केला नाही. त्याने डोंगर केला, तोही कॉर्टेन पोलादाचा. या पोलादाची एक गंमत आहे. त्यात तांब्यासारख्या धातूंचा थोडा अंश असतो. पावसापाण्यात त्याच्यावर गंज चढतो, पण तोच गंज घट्ट बसून आतल्या पोलादाचे रक्षण करतो. साधे लोखंड गंजाने मरते, हे गंजाने जगते. किंग यांच्या स्मारकाला यापेक्षा योग्य धातू शोधून मिळाला नसता.

2016 मध्ये वॉशिंग्टनला कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले, तेव्हा हंटचे 'स्विंग लो' तिथे छताला टांगले गेले. ते ब्राँझचे आहे आणि त्याचे नाव रथाच्या त्या विख्यात स्पिरिच्युअलवरून आले आहे. रथाला चाके नाहीत, घोडे नाहीत. खाली झुकणारी आणि लगेच वर उसळणारी एक लाट आहे. गाण्यातही याहून अधिक रथ नसतो.

"मग काय, कोणीही भंगार जोडावे आणि त्याला गाणे म्हणावे!" असे कोणी म्हणेल. जोडावे की. तबल्यावर कोणीही हात मारू शकतो; तीनताल मात्र होत नाही. तालात नवव्या मात्रेला खाली येते, बायाँ गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यामुळे समेला वजन येते. हंटच्या शिल्पाभोवती फिरताना, निदान निरनिराळ्या बाजूंनी घेतलेले फोटो पाहताना, त्याने कुठे धातू ठेवला यापेक्षा कुठे ठेवला नाही हे पाहावे. टनावारी पोलाद दोन फांद्यांमधल्या रिकाम्या जागेने हलके केलेले असते. वजन खाली रुजते आणि रेघ वर निसटते. ही रिकामी जागा चुकली की उरते ते भंगारच.

याच वाटेने, पण निराळ्या पावलांनी गेलेल्या आणखी एका शिल्पकाराचे नाव इथे घेतले पाहिजे. मेल्विन एडवर्ड्स 1937 मध्ये टेक्ससमधल्या ह्यूस्टनला जन्मला. झुंडीने माणसाला झाडाला लटकवून मारण्याच्या अमेरिकन प्रकारावरून त्याने 1963 पासून 'लिंच फ्रॅगमेंट्स' ही मालिका सुरू केली. साखळ्या, खिळे, कुलपे, हातोड्याची टोके सांधून केलेले, माणसाच्या डोक्याएवढे पोलादी गोळे तो भिंतीवर नजरेच्या उंचीवर लावी. तुम्ही समोर उभे राहिलात की ते तुमच्या डोळ्याला डोळा भिडवतात. 1970 मध्ये तो पश्चिम आफ्रिकेला प्रथम गेला आणि पुढे त्याने सेनेगलमधल्या डाकारला स्वतःची कर्मशाळाही थाटली. बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट विद्यापीठात त्याचे एक मोठे पोलादी शिल्प आहे. ते बिली हॉलिडे या गायिकेला आणि सोवेटोच्या मुलांना वाहिलेले. झाडाला लटकणाऱ्या प्रेतांचे गाणे बिली हॉलिडेने 1939 मध्ये गायले. सोवेटोत जून 1976 मध्ये शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अमेरिकेतला एक सूर आणि आफ्रिकेतली ती मुले यांना एडवर्ड्सने एका वेल्डिंगने सांधले. हंटचे पोलाद आलापासारखे उघडत जाते. एडवर्ड्सचे आवळलेल्या मुठीसारखे मिटते. दोन्हींचा षड्ज एकच.

हंटच्या मानसन्मानांची यादी मी थोडक्यात उरकते. सैन्यात असताना 16 मार्च 1960 रोजी सॅन अँटोनिओच्या वुलवर्थ दुकानातल्या, तोवर गोऱ्यांसाठीच राखलेल्या जेवणाच्या टेबलापाशी बसून जेवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीयांत तो होता, हा मी सन्मानच समजते. 1968 मध्ये अध्यक्ष जॉन्सननी त्याला राष्ट्रीय कला परिषदेवर नेमले. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. कृष्णवर्णीय शिल्पकाराला हा मान तिथे प्रथमच मिळत होता, आणि त्याचे वय होते पस्तीस. त्याच वर्षी त्याने शिकागोतले 1909 सालचे, ट्रामगाड्यांना वीज पुरवणारे एक बंद पडलेले केंद्र विकत घेतले. प्रचंड उंच छत आणि जड वजने उचलणारी यारी आयतीच मिळाली. जिथून शहराला वीज जायची तिथून शिल्पे जाऊ लागली.

2021 मध्ये शिकागोत त्याच्या आणखी एका स्मारकाचे अनावरण झाले. ते होते आयडा वेल्स यांचे. झुंडीने मारलेल्या माणसांची नावे, गावे, कारणे स्वतः फिरून गोळा करणारी आणि जिवावरचा धोका पत्करून छापणारी ही पत्रकार 1862 मध्ये गुलाम आईबापांच्या पोटी जन्मली. हंटने तिचीही मूर्ती केली नाही. उंच खांब आणि त्यांवर ज्वाळेसारखे वळसे घेणारे ब्राँझ, एवढेच. नाव 'द लाइट ऑफ ट्रूथ'. चौकातल्या पुतळ्याला आपण वर्षातून दोनदा हार घालतो आणि चेहरा ओळखला म्हणजे माणूस ओळखला असे समजून घरी जातो. ज्वाळेला हार घालता येत नाही. तिच्यापुढे थांबून, ही कशाची आणि कुणामुळे पेटली, ते विचारावे लागते. चेहरा आठवण करून देतो. अमूर्त आकार आपल्याला कामाला लावतो. दोन्हींची गरज आहे. पण दुसरे काम अवघड आहे, आणि म्हणून ते कमी लोक करतात.

रिचर्ड हंट 16 डिसेंबर 2023 रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी शिकागोतच वारला. त्याच्या शेवटच्या आठवड्यांत त्याने एका शिल्पाचा नमुना पुरा केला होता. ते एमेट टिलच्या शिकागोतल्या घरापाशी उभे करायचे स्मारक. एकोणिसाव्या वर्षी पाहिलेला चेहरा त्याने अडुसष्ट वर्षे मनात वागवला होता. या वेळी त्याने जखम केली नाही, शिर केले नाही. नमुन्याचे नाव आहे 'हीरो असेंडिंग', म्हणजे वर जाणारा वीर.

पहिल्या शिल्पात मारेकऱ्यांनी त्या मुलाचे काय केले ते दिसते. शेवटच्या शिल्पात तो मुलगा त्यांच्या हातातून सुटलेला आहे. चेहरा ठेवला असता तर तो चौदा वर्षांचा, मारलेला मुलगाच राहिला असता; आकार ठेवला म्हणून त्याला चढता आले. स्मारक कुणासाठी असते, मारणाऱ्यांनी काय केले ते जपण्यासाठी, की मेलेल्याला पुन्हा उभे करण्यासाठी? एका कारागिराने आयुष्यभर ज्योत हातात धरून याचे उत्तर शोधले आणि आपल्या आजी-पणजीच्या गाण्यात त्याला ते सापडले.

दिवाळीच्या सुटीत कुणाच्या घरी रेकॉर्ड लागेल, कुणी पहाटेच्या मैफलीला जाईल. आलाप सुरू झाला की डोळे मिटण्याची आपली जुनी सवय आहे. ती सवय चांगलीच आहे. फक्त पुढच्या वेळी एखाद्या पोलादी आकारापुढे उभे राहाल, तेव्हा डोळे उघडे ठेवून तसेच ऐकून पाहा. ते कशाचे आहे, हे नंतर विचारता येईल.